जुन्नरला मुक्कामी जा

पुण्याहून सकाळी सहाला निघायचे, ऊन चढायच्या आत शिवनेरी उरकायचा, बाराच्या सुमारास लेण्याद्रीच्या पायऱ्या चढायच्या, तिथून ओझरला विघ्नहराचे दर्शन, नारायणगावात हायवेवर उशिराचे जेवण आणि दिवेलागणीला घर. जुन्नर म्हटले की बहुतेकांची सहल अशी ठरलेली असते. देवदर्शन होते, किल्ला पाहून होतो, फोटो निघतात. पण जुन्नर राहूनच जाते. ज्या गावाच्या चहूबाजूंच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत, ज्याच्या पश्चिमेला सह्याद्रीचा कडा थेट कोकणात उतरतो आणि ज्याच्या तालुक्यात पाच धरणे आणि अर्धा डझनाहून अधिक किल्ले आहेत, ते गाव एका दिवसात पाहायचे म्हणजे त्याच्यावर आणि स्वतःवर अन्याय आहे. राज्य सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले. जुलै २०२५ मध्ये शिवनेरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्यामुळे गर्दी वाढली आहे आणि अजून वाढेल. म्हणून जाणाऱ्याने कसे जावे, हे जरा तपशिलात सांगावेसे वाटते.

पहिली गोष्ट मुक्कामाची. किमान दोन रात्री राहा, आणि शक्यतो जुन्नर गावातच राहा. रिसॉर्ट हायवेच्या बाजूला मिळतील, माळशेजला पर्यटन महामंडळाचे निवासस्थानही आहे, पण गावातल्या साध्या लॉजवर किंवा आसपासच्या घरगुती निवासात उतरलात तर सगळ्या वाटा सोयीच्या पडतात. शिवनेरी गावाच्या डोक्यावरच आहे, लेण्याद्री पाच-सहा किलोमीटरवर, मानमोडीचा डोंगर दक्षिणेला अगदी लागून, आणि नाणेघाटाचा रस्ता पश्चिमेला इथूनच फुटतो. लेण्याद्री आणि ओझर इथे देवस्थानांची भक्तनिवासेही आहेत. घरच्या ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांना ती बरी पडतात, मात्र चतुर्थीच्या आसपास तिथे जागा मिळेल अशी आशा धरू नका.

पोचायचे दोन सरळ रस्ते आहेत. पुण्याकडून येणाऱ्याने नाशिक महामार्गाने नारायणगावपर्यंत यावे आणि तिथून डावीकडे वळावे. पुढे पंधरा किलोमीटरवर जुन्नर. नाशिककडे जाणाऱ्या एसटी गाड्या नारायणगावला थांबतात आणि तिथून जुन्नरला गाड्या मिळत राहतात. मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्याने कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, बनकर फाटा आणि गणेश खिंड असा रस्ता धरावा. हा रस्ता देखणा आहे, पण पावसाळ्यात माळशेजला दरडी कोसळतात आणि धुक्यात समोरची गाडी दिसत नाही, तेव्हा घाट उजेडी पार होईल असे निघा.

आता मोसमाचे. लोकांना पाऊस हवा असतो, आणि जुलैच्या शनिवार-रविवारी नाणेघाटाच्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते ती पाहिली की वाटते, यातल्या कितीजणांना नाणेघाट दिसला असेल? पावसाळा वाईट नाही. दरीतून वर चढणारा वारा धबधब्याचे पाणी उलटे माथ्यावर फेकतो, तो उलटा धबधबा पाहायचा तर जुलै-ऑगस्टला पर्याय नाही. पण तो आठवड्याच्या मधल्या दिवशी पाहा, आणि निघण्याआधी जिल्हा प्रशासनाचे आदेश बघा. अतिवृष्टीच्या दिवसांत पर्यटनस्थळांवर बंदी किंवा वेळेचे बंधन घातले जाते आणि माणसे अर्ध्या वाटेवरून परत फिरतात. माझे मत विचाराल तर जुन्नरचा खरा मोसम सप्टेंबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंतचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात घाटमाथ्यावर सोनकी पिवळीधमक फुललेली असते, नोव्हेंबरात हवा इतकी स्वच्छ होते की कड्यावरून कोकणातली गावे ओळखता येतात. जानेवारी ते मार्च हा द्राक्षांचा हंगाम. एप्रिल-मे मध्ये किल्ले चढायचे तर पहाटे चढून नऊपर्यंत उतरायला हवे, त्यानंतर कातळ तापतो.

शिवनेरीपासून सुरुवात करा, पण सकाळी लवकर. पायथ्यापर्यंत गाडी जाते आणि तिथून बांधीव पायऱ्यांची वाट सात दरवाजांतून वर नेते. सात दरवाजे ओलांडायचे म्हणजे नुसता दम लागणे नाही. प्रत्येक दरवाजापाशी थांबून मागे वळून बघा, म्हणजे खालून येणारा शत्रू प्रत्येक वळणावर कसा वरच्याच्या माऱ्यात येई हे आपोआप कळते. वाटेत शिवाई देवीचे मंदिर लागते. वर अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, कमानी मशीद, बदामी तलाव, शिवकुंजातला जिजाऊ आणि बाळ शिवाजींचा पुतळा, आणि १९ फेब्रुवारी १६३० ला महाराजांचा जन्म झाला ते ठिकाण. जन्मस्थानाशी पोचल्यावर बहुतेकजण परत फिरतात. तसे करू नका. तसेच पुढे उत्तरेच्या टोकाकडे, कडेलोटाच्या कड्यापर्यंत जा. तिथून जुन्नरचे सगळे खोरे, लेण्याद्रीचा डोंगर आणि धरणांचे पाणी एका नजरेत येते, आणि पुढच्या दोन दिवसांत आपण कुठे जाणार आहोत याचा नकाशा तिथे उभ्या उभ्या डोक्यात बसतो. गडावरचा कोळी चौथराही आवर्जून पाहा. मुघलांविरुद्ध उठलेल्या आणि त्यासाठी मारल्या गेलेल्या महादेव कोळ्यांची ती आठवण आहे. आणि मुलांना एक गोष्ट जरूर सांगा: महाराज इथे जन्मले, १६५७ मध्ये त्यांनी जुन्नरवर छापा घातला, पण हा किल्ला त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही.

किल्ल्याला साखळीची वाटही आहे. गावाकडून पायवाटेने कड्याशी जायचे आणि कातळात खोदलेल्या पावठ्यांवरून, साखळी धरून वर यायचे. या वाटेवर लेणी लागतात, म्हणून हौशी मंडळींना ती प्रिय आहे. पाय सरावाचे असतील आणि कातळ कोरडा असेल तरच या वाटेला जा. लहान मुले सोबत असताना आणि पावसात तिचे नाव काढू नये.

१९ फेब्रुवारीला गडावर लाखमोलाचा उत्साह असतो. शासकीय सोहळा असतो, गावोगावच्या ज्योती घेऊन तरुण पळत येतात, पाळणा म्हटला जातो. तो अनुभव घ्यायचा असेल तर गाडी दूर लावून, रात्रीच चालत निघण्याच्या तयारीने जा. किल्ला पाहायचा असेल तर त्या आठवड्यात जाऊच नका.

पहिल्या दिवसाचा उरलेला अर्धा भाग लेण्यांना द्या, आणि इथे मला थोडे रेंगाळायचे आहे. जुन्नरची लेणी म्हणजे लेण्याद्री एवढेच लोकांना ठाऊक असते, कारण तिथे गिरिजात्मज आहे. अष्टविनायकांतला डोंगरावरचा, लेण्यातला हा एकच गणपती. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, पुरातत्त्व खात्याचे तिकीट आहे, आणि वाटभर माकडे आहेत. पिशवी उघडी, हातात केळी किंवा प्रसादाचा पुडा उघड दिसेल असा ठेवलात तर तो तुमचा राहणार नाही. देवळाचा सभामंडप म्हणजे मुळातला बौद्ध भिक्षूंचा विहार. एवढे प्रचंड दालन आणि मध्ये एकही खांब नाही, सभोवती भिक्षूंच्या खोल्या. दर्शन झाले की लगेच पायऱ्यांकडे वळू नका, शेजारच्या चैत्यगृहात जा. खांबांच्या माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी, आत स्तूप, आणि वर कातळातच कोरलेल्या, लाकडी वाशांसारख्या दिसणाऱ्या कमानी.

मग लेण्याद्रीवर न थांबता तुळजा लेण्यांना जा. जुन्नरच्या पश्चिमेला पाडळी गावाजवळ, गावापासून चार-पाच किलोमीटरवर. गाडी पायथ्याशी लावून थोडे चढायचे. इथे एक चैत्यगृह आहे जे गोल आहे. मध्ये स्तूप, त्याभोवती बारा अष्टकोनी खांबांचे कडे, वर घुमट. नक्षी नाही, मूर्ती नाही. भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत असा गोल आराखडा फार दुर्मीळ आहे, आणि हे लेणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातले मानले जाते. आत गेलात की दोन मिनिटे गप्प उभे राहा आणि मग हळू आवाजात काही म्हणा. घुमट तुमचा आवाज तुमच्याकडेच परत आणून देतो.

मानमोडीच्या डोंगरात तीन गट आहेत: भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलेणी. सगळी पाहायची तर डोंगराच्या कडेकडेने बरेच चालावे लागते आणि वाट काही ठिकाणी निसरडी आहे, म्हणून पायथ्याच्या वस्तीतला एखादा माहीतगार सोबत घ्या. भूतलेण्यांच्या चैत्यगृहाचे दर्शनी तोंड बघाच. कमानीतल्या कमळाच्या पाकळ्यांत गजलक्ष्मी आणि तिच्याभोवती हात जोडलेली माणसे कोरली आहेत. भीमाशंकर गटात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा, ४६ वे वर्ष नोंदवणारा लेख आहे. लेख वाचता आला नाही तरी इथल्या लेखांच्या सुरुवातीला किंवा शेवटी कोरलेले स्वस्तिक शोधा, मुलांना तो खेळ आवडतो.

या लेखांमुळेच मला जुन्नर इतके जवळचे वाटते. वेरूळ-अजिंठ्याला राजे, मंत्री आठवतात. इथे दान देणारी बहुतेक माणसे बाजारपेठेतली आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बांबूकाम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणी इथल्या लेखांत येते. इरिल, चिट, चंद अशी यवन दात्यांची नावे येतात. कुणी टाकी खोदून दिली, कुणी भिक्षूंसाठी जेवणाचा मंडप. एका लेखात शेताच्या उत्पन्नातून करंजाची झाडे लावण्याची व्यवस्था लिहून ठेवली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल नाणेघाटाने वर चढायचा आणि जुन्नरवरून पैठणकडे जायचा. त्या वाटेवर कमावलेल्या पैशांतून हे डोंगर कोरले गेले. लेण्यात शिरलात की दाराच्या चौकटीपाशी हात न लावता नीट बघा. लाकडी दार बसवण्यासाठी केलेली भोके अजून आहेत, आतल्या दगडी बाकाची कड बसून बसून गुळगुळीत झालेली आहे, आणि बाहेर टाक्याच्या तोंडाशी पाणी वळवणारी बोटभर रुंदीची पन्हळ आहे. तेवढ्यावरून इथे माणसे राहत होती हे जितके पटते तितके कुठल्याही फलकावरून पटत नाही.

दोन खबरदाऱ्या. या सगळ्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. अत्तर, डिओ मारून जाऊ नका, धूर करू नका, लेण्यात ओरडू नका, दगड तर कधीच मारू नका. माश्या उठल्याच तर अंग झाकून, हात न झटकता, लवकरात लवकर तिथून दूर व्हा. दुसरी म्हणजे सोबत टॉर्च ठेवा. लेण्याच्या आतल्या खोल्यांत साप आणि वटवाघळे दोन्ही असतात, आणि अंधारात पाय टाकण्यापूर्वी जागा बघणे केव्हाही चांगले.

दुसरा दिवस पश्चिमेचा. हा दिवस पूर्ण मोकळा ठेवा आणि त्यात दुसरे काही कोंबू नका. जुन्नरातच गाडीत इंधन भरा, खिशात रोख पैसे ठेवा, कारण नाणेघाटाजवळच्या घाटघरच्या बाजूला मोबाइलला रेंज धड नसते आणि ऑनलाइन पैसे देता येतीलच असे नाही. एसटी त्या बाजूला मोजकीच जाते, तिच्या वेळा जुन्नर स्थानकावर विचारून घ्या. स्वतःची गाडी नसेल तर गावातून जीप ठरवणे सोपे.

आपटाळे मागे टाकले की रस्ता डोंगरांत शिरतो आणि माणिकडोह धरणाचे पाणी दिसू लागते. पूर गावाजवळ कुकडी नदीच्या उगमाशी कुकडेश्वराचे मंदिर आहे, तिथे अर्धा तास काढा. दगडी कोरीव काम सुरेख आहे आणि गर्दी जवळजवळ नसते. जवळच चावंड किल्ला. कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या आणि आधाराला रेलिंग अशी चढाई, वर एका ओळीत सात टाकी. तासाभरात माथा गाठता येतो. चावंड आणि नाणेघाट एका दिवसात सहज होतात. ज्यांना किल्लेच करायचे आहेत त्यांनी हडसरसाठी वेगळा दिवस ठेवावा. कातळ पोखरून केलेली त्याची दरवाजांची रचना पाहिली की आपल्या जुन्या गवंड्यांपुढे आणि पाथरवटांपुढे हात जोडावेसे वाटतात.

नाणेघाटात पोचलात की आधी कड्यावर धावू नका. आधी गुहेत जा. पठाराच्या टोकाला मोठा दगडी रांजण आहे, त्याला जकातीचा रांजण म्हणतात. तिथून घळीतून फरसबंद वाटेने थोडे खाली उतरले की डोंगराच्या पोटात चौकोनी गुहा लागते. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांच्या लांबच लांब ओळी आहेत. सातवाहन राणी नागनिकेचा हा लेख. तिने आणि राजा सातकर्णीने केलेले यज्ञ, दान दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण यांची त्यात मोजदाद आहे, आणि त्या मोजदादीतले अंक हे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत गणले जातात. पंडित भगवानलाल इंद्रजींनी या लेखावर मोठे काम केले. समोरच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. सिमुक, नागनिका, सातकर्णी अशी नावे वर कोरलेली आहेत, पुतळे मात्र गेले, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. महाराष्ट्राच्या लिखित इतिहासाची पहिली पाने कुठली असे कुणी विचारले तर मी या भिंतीकडे बोट दाखवीन. आणि याच भिंतीवर, याच अक्षरांशेजारी, लोकांनी स्वतःची नावे खरवडली आहेत. तुमच्यासमोर कुणी खडू, किल्ली काढली तर गप्प बसू नका. नम्रपणे पण स्पष्ट अडवा. पावसात आसऱ्याला गुहेत शिरणारे तिथे चूल पेटवतात, सिगारेट ओढतात, त्यांनाही तसेच सांगा.

गुहेनंतर कडा. नानाचा अंगठा नावाच्या सुळक्याच्या माथ्यावर पठारावरून चालत जाता येते. तिथे वारा माणसाला ढकलतो. छत्री, ओढणी, टोपी सांभाळायच्या नादात तोल जातो. कठड्याच्या अलीकडे राहा आणि सेल्फीसाठी कड्याकडे पाठ करू नका. पावसाळ्यात ओल्या गवताखाली कड्याची कड नेमकी कुठे संपते ते दिसत नाही, हा खरा धोका आहे. घाटातल्या पायऱ्यांनी वैशाखऱ्याकडे उतरण्याची जुनी वाट आजही चालती आहे. कोकणातून चढून यायचे असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात वैशाखऱ्यापासून पहाटे निघा. सातवाहनांच्या काळातल्या बैलांच्या आणि तांड्यांच्या वाटेवरून चढणे, हा नाणेघाट पाहण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे.

शेजारचा जीवधन किल्ला मात्र वाटाड्याशिवाय करू नये. कल्याण दरवाजाच्या बाजूला पायऱ्या तुटलेल्या आहेत, कातळटप्पा चढावा लागतो आणि वानरलिंगी सुळक्याच्या खाली थेट दरी आहे. निष्णात ट्रेकर पावसाळ्यातही जातात म्हणून आपणही जावे असे नाही. घाटघरमध्ये वाट दाखवणारी तरुण पोरे आहेत. त्यांचे पैसे आधी ठरवा, घासाघीस करू नका, आणि त्यांनी ‘दादा, आज नको’ म्हटले तर ऐका. ती पोरे त्या कड्यावर लहानाची मोठी झाली आहेत.

घाटघरच नव्हे, आंबे, हातवीज, दुर्गवाडी ही सगळी पश्चिमेची गावे प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. भात, नाचणी, वरई आणि हिरडा यांवर इथला प्रपंच चालतो. हिरड्याच्या झाडाखाली वाळत घातलेला माल, खाचरांचे बांध, देवराईतली झाडे ही माणसांची मालमत्ता आणि श्रद्धा आहे. गाडी खाचरात उतरवणे, भाताच्या लोंब्या उपटून फोटो काढणे, देवराईत दारू पिणे असले प्रकार घडतात आणि गावकऱ्यांना ते निमूट सोसावे लागतात. दुर्गवाडीला जाणार असाल तर तिथली देवराई आणि कोकणकडा दोन्ही फार सुंदर आहेत. रस्ता इंगळूणवरून घाटवळणांचा आहे, धुके असेल तर दुपारी तीनच्या आत परत फिरा.

जेवणाची सोयही या गावांतच करा. कुठल्याही घरी आदल्या दिवशी फोन करून ‘मावशी, उद्या सहाजण येतोय’ एवढे कळवले की भाकरी, पिठले, भात, आमटी तयार असते. आयत्या वेळी दहाजण दारात उभे राहिलात तर चूल पुन्हा पेटवावी लागते. जुन्नरात मासवडी खाल्ल्याशिवाय येऊ नका. बेसनाचे घट्ट पीठ शिजवून ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, लसूण, कोथिंबीर यांचे सारण पसरायचे, फडक्यानेच दुमडून माशाच्या आकाराची वळी करायची आणि निवल्यावर तिचे तुकडे पाडायचे. सोबत तिखट, तेलाचा तवंग असलेला रस्सा आणि बाजरीची भाकरी. चांगल्या मासवडीची कड सुटत नाही आणि सारण कोरडे लागत नाही. करायला वेळ लागतो, म्हणून तीही आधी सांगूनच मिळते, आणि सांगून केलेलीच चांगली असते.

आता बिबट्याविषयी, कारण हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. धरणे झाली, कालवे आले, ऊस वाढला आणि उसाच्या दाट आडोशाला बिबटे राहू लागले. ते तिथेच वितात, तिथेच वाढतात. ऊसतोडीच्या वेळी बछडी सापडतात, तेव्हा वनखाते आणि वन्यजीव कार्यकर्ते ती त्याच जागी ठेवून आईशी भेट घडवून आणतात. इथल्या गावांनी माणसेही गमावली आहेत, लेकरे गमावली आहेत, तेव्हा याविषयी इथे येऊन थट्टा करू नये. पाहुण्यांनी पाळायचे नियम साधे आहेत. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने पायी फिरू नका. मुलांना एकटे सोडू नका, चालताना ती मोठ्यांच्या मध्ये असू द्या. अंधारात उघड्यावर वाकून किंवा उकिडवे बसू नका, उभा माणूस बिबट्याला मोठा दिसतो. टॉर्च हवीच, बोलत चाला. गाडीतून बिबट्या दिसला तर गाडीतच बसा, काचा वर करा, त्याला वाट द्या आणि व्हिडिओसाठी खाली उतरू नका. जखमी किंवा अडकलेला प्राणी दिसला तर वनखात्याच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा, आणि माणसाचा जीव धोक्यात असेल तर ११२. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र हे प्राणिसंग्रहालय नाही. तिथे जखमी, पकडलेल्या बिबट्यांवर उपचार होतात. वनखात्याची परवानगी न घेता दारावर जाऊन हुज्जत घालू नका.

परतीच्या दिवशी पूर्वेकडची एखादी जागा घ्या. सगळ्या घेऊ नका. मुले विज्ञानात रमणारी असतील तर खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत, त्यांतल्या १४ मध्यवर्ती भागात एकत्र. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. आत जायला पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची पूर्वपरवानगी लागते. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, तिथे मोठे प्रदर्शन भरते आणि पंचक्रोशीतल्या शाळा आपापले प्रयोग मांडतात, तो दिवस मुलांसाठी सर्वांत चांगला. मोबाइल बंद ठेवायला सांगतात ते मनापासून पाळा, कारण आकाशातून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात की खिशातल्या फोनचाही त्यांना अडथळा होतो.

श्रावणात गेलात तर ओतूरच्या कपर्दिकेश्वराला सोमवारी तांदळाच्या पिंडी रचतात, त्या पाहा. आळ्याला ज्ञानेश्वरांच्या कथेतल्या रेड्याची समाधी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव, लोककलेची आस्था असणाऱ्याने ती पेठ एकदा तरी बघावी. द्राक्षाच्या बागेत शिरण्याआधी मालकाला विचारा, विचारणाऱ्याला इथे सहसा नकार मिळत नाही, घड मात्र विकत घ्यावेत.

सोबतच्या पिशवीत काय असावे याची यादी लांबवत नाही. पकड असलेले बूट, माणशी दोन लिटर पाणी, टॉर्च, टोपी, थोडे प्रथमोपचाराचे सामान आणि कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी एवढे पुरते. सर्पदंश किंवा मोठी दुखापत झाली तर पश्चिमेच्या गावांतून जुन्नरला यायला पाऊण-एक तास लागतो, हे डोक्यात ठेवून धाडस करा. आणि पहिल्यांदाच जाणार असाल तर नोव्हेंबरातले मधल्या वारांचे तीन दिवस धरा, दोन रात्रींची खोली आधी सांगून ठेवा आणि नाणेघाटाला जायच्या आदल्या संध्याकाळी घाटघरला जेवणाचा निरोप द्यायला विसरू नका.